हायड्रोपोनिक्सच्या तीन जागा पाहिल्या : चॅनेलचं शेवटचं टोक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

माती न वापरता खताच्या पाण्यावर भाजी वाढवायची, ते हायड्रोपोनिक्स. त्याचे तीन सेटअप तीन दिवसांत बघून कालच परतलो. एक बादल्यांचा, एक मधल्या आकाराच्या पॉलिहाउसमधला आणि एक एवढा मोठा की आत माणसं सायकलवर फिरतात. पीएच-ईसीचं पेन (पाण्याचा आम्लपणा आणि त्यातले क्षार मोजणारं) तुमच्याकडे आहे आणि दमट उकाड्यात पाच-सहा तास उभं राहता येतं, हे मी धरून चालतोय. सोबत साधा थर्मामीटर न्या. माझे डोळे त्यानेच उघडले.

पहिला दिवस मजेत गेला, म्हणून सांगण्यासारखं कमी. झाकणाच्या बादल्या, त्यात खताचं पाणी, वर जाळीच्या कपात लेट्यूस. पंप नाही, वीज नाही. हवाई विद्यापीठातल्या क्रॅटकी यांच्या नावाने ही पद्धत ओळखतात. पाणी उतरतं तशी वरची मुळं हवेत मोकळी होतात आणि तिथूनच ऑक्सिजन घेतात. मध्येच बादली काठोकाठ भरलीत तर तीच मुळं गुदमरतात. घरापुरती भाजी हवी असेल तर इथूनच माघारी फिरा.

दुसऱ्या दिवसाने मात्र डोकं उठवलं. एनएफटीचं, म्हणजे लांब पन्हळीत (चॅनेलमध्ये) पाणी वाहतं ठेवून रोपं वाढवायच्या पद्धतीचं, एक दिवसाचं शिबिर होतं. फी आधीच भरलेली. पोचल्यावर कळलं की आत शिरायचे पैसे वेगळे आणि प्रमाणपत्राचे त्याहून वेगळे. सकाळी आठला सगळ्यांना चॅनेलच्या पुढच्या टोकाशी उभं केलं. तिथलं लेट्यूस खरंच फोटोसारखं होतं. ‘माणूस लागत नाही, पंप लावला की झालं’ हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. अकराला मंडळी पांगली. माझी गाडी चारची होती, म्हणून वेळ काढायला चालत मागच्या टोकाला गेलो.

पावलांनी मोजलं, चॅनेल २४ मीटर भरलं. यात मुळांखालून पाण्याचा पातळ थर वाहतो आणि वाटेतलं प्रत्येक रोप त्यातला ऑक्सिजन ओढत जातं. म्हणून १०-१५ मीटरच्या पुढे चॅनेल नेत नाहीत. इथे शेवटची रोपं पुढच्यांच्या निम्मीसुद्धा नव्हती. एक कप उचलला. मुळं चहाच्या रंगाची, बुळबुळीत, वास गटाराचा. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघाली आणि आतला दोरा तेवढा हातात राहिला. मूळकूज, बहुधा पिथियम या बुरशीसारख्या जीवामुळे. मग टाकीत थर्मामीटर सोडला. दीड वाजता ३१ अंश! २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि पाणी तापलं की मुळांची भूक उलट वाढते. टाकी काळी, उन्हात, वर सावली नाही. विचारलं तर म्हणे, ‘साहेब, उन्हाळ्यात तेवढं चालतंच.’ चालतं तर आम्हाला मागे का नेलं नाहीत?

दोनला वीज गेली. चाळीस मिनिटांत चॅनेलमधल्या पानांनी माना टाकल्या. शेजारच्या हौदात थर्माकोलच्या तराफ्यावरचं लेट्यूस मात्र ढिम्म होतं, कारण त्याच्याखाली ३० सेंटिमीटर पाणी होतं. फीचा मोबदला म्हणाल तर एवढंच दृश्य, आणि ते शिबिरात नव्हतंच. वीज बेभरवशाची असेल तर एनएफटीच्या नादी लागू नका, तराफा करा.

निघताना ए आणि बी खताचे कॅन गळ्यात मारले. ‘आमचा गुप्त फॉर्म्युला.’ अहो, होगलंड आणि आर्नन या शास्त्रज्ञांनी १९३८ सालीच तक्ता छापून मोकळा केलाय! कॅनात बहुतांशी पाणी असतं, त्या पाण्याचे पैसे कशाला मोजता? कोरडे क्षार आणा. कॅल्शियम नायट्रेट एका डब्यात, सल्फेट-फॉस्फेट दुसऱ्यात. घट्ट द्रावणं एकत्र आली की कॅल्शियमचा पांढरा साका बसतो. दोन कॅनांमागचं गुपित ते एवढंच. आणि हो, मी ते घेतले. पाय बोलत होते, वाद घालायचं त्राण नव्हतं.

तिसरी जागा बघून आदल्या दिवसाचा सगळा राग उतरला. छताला टांगलेल्या पन्हळींत कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) स्लॅब, प्रत्येक टोमॅटोला वेगळं ड्रिपर, वेली माझ्या दुप्पट उंच. तिथल्या ताईंनी फोटोला उभं न करता थेट निचऱ्याच्या बादलीशी नेलं. दिलेल्या पाण्यातलं २५-३० टक्के खालून निघायला हवं. आत जाणारी ईसी २.८, बाहेर येणारी ३.९, म्हणजे क्षार साचतायत, आज पाणी वाढवायचं. आणि माणूस? दर आठवड्याला प्रत्येक वेल खाली उतरवून गुंडाळायची, फुटवे खुडायचे. ओळीओळीत माणसं होती. याची नक्कल आपल्या आवाक्यातली नाही, पण निचरा मोजायची सवय एका बादलीलाही लावता येते.

तिथे जाताना खिसे तपासा. तंबाखूतून टोमॅटोला मोझॅक विषाणू लागतो, म्हणून दारातच हात धुवायला लावतात आणि तंबाखूवाल्याला आत सोडत नाहीत. माझा सोबती तंबाखूचं पाकीट बाहेर ठेवायला तयार होता, पण बोटांना वास होता. तो तीन तास गाडीत बसून राहिला, ते दोन कॅन मांडीवर घेऊन.