टायरची ३४ तासांची टेस्ट, मध्येच गेलेली लाईट आणि रिपोर्टवरचं ‘फेल’ : माझा अनुभव

टायर नापास झाला नव्हता. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण अजूनही आमच्या मीटिंगमध्ये कोणीतरी ‘त्या फेल झालेल्या लॉटचं पुढे काय झालं’ असं विचारतंच आणि मला परत पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. म्हणून एकदाच नीट लिहितोय. ज्यांना बाहेरच्या लॅबमध्ये टायर टेस्टिंगला पाठवायचे आहेत त्यांना उपयोग होईल.

मी टायर कंपनीत क्वालिटीला आहे, पॅसेंजर कार रेडियल, म्हणजे साध्या मोटारगाड्यांचे टायर बघतो. देशात विकायला आयएसआय मार्क लागतो, आयएस १५६३३ या भारतीय मानकाप्रमाणे, ते काम आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे, त्यात नवीन काही नाही. यावेळी गिऱ्हाईक अमेरिकेचं होतं. तिकडे सरकार आधी टायर तपासून मंजुरी देत नाही, कंपनीने स्वतःच स्टँडर्डप्रमाणे टेस्ट करून साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) डीओटी ही तिकडच्या वाहतूक खात्याच्या नावाची खूण टाकायची आणि पुढे काही झालं तर जबाबदारी आपली. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणालं, तुमच्या घरच्या टेस्टवर आम्ही समाधानी नाही, एफएमव्हीएसएस १३९ चा, म्हणजे त्यांच्या टायर सुरक्षा स्टँडर्डचा, रिपोर्ट बाहेरच्या मान्यताप्राप्त लॅबचा पाहिजे. मागणी रास्तच आहे, मी त्यांच्या जागी असतो तर मीही मागितला असता.

साइज १८५/६५ आर १५, लोड इंडेक्स ८८, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. मापं, बीड अनसीटिंग (टायरची कड रिमवरून सुटते का), प्लंजर (टायर भोसकायला किती जोर लागतो), हाय स्पीड हे सगळं सुरळीत झालं. हाय स्पीडमध्ये आधी ८० च्या स्पीडला दोन तास टायर रुळवतात आणि मग १४०, १५०, १६० ला अर्धा अर्धा तास, त्यात आमच्या टायरला काही म्हणजे काही झालं नाही.

अडकलो ते एन्ड्युरन्सला, म्हणजे टिकाऊपणाच्या ३४ तासांच्या टेस्टला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधारण १.७ मीटर व्यासाचा लोखंडी ड्रम असतो, टायर रिमवर चढवून त्या ड्रमवर दाबतात आणि ताशी १२० किमीने फिरवत ठेवतात. हवा मुद्दाम कमी, १८० केपीए (किलोपास्कल) म्हणजे २६ पीएसआयच्या आसपास. टायरजवळची हवा ३८ डिग्रीला ठेवायची, तीन डिग्री इकडे तिकडे चालतं. पहिले ४ तास ८५ टक्के लोड, मग ६ तास ९० टक्के, आणि मग सलग २४ तास पूर्ण लोड. एकूण ३४ तास, म्हणजे ४,०८० किमी. आणि एवढं झाल्यावरही टायर सुटत नाही, त्याच टायरची हवा १४० केपीएवर आणून, दोन तास थांबून, पूर्ण लोडवर परत दीड तास पळवतात. जुन्या स्टँडर्डमध्ये ही टेस्ट ८० च्या स्पीडला होती. २००० साली फायरस्टोनचे टायर आणि फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचं ते मोठं प्रकरण झालं, ट्रेड (रस्त्याला टेकणारा रबराचा थर) सुटून गाड्या उलटल्या, माणसं गेली, त्यानंतर तिकडच्या संसदेने, काँग्रेसने, कायदा केला आणि त्यातून हे कडक स्टँडर्ड आलं. त्यामुळे ही टेस्ट म्हणजे नुसता कागदाचा सोपस्कार आहे असं मला कधीच वाटलेलं नाही. कमी हवेत टायर जास्त वाकतो, दर फेरीला रबर वाकून सरळ होताना तापतं, आणि सगळ्यात जास्त उष्णता साठते ती टायरच्या खांद्याच्या आत (ट्रेड आणि साइडवॉल मिळतात तिथे), जिथे स्टील बेल्टची कड संपते. बेल्ट सुटायला सुरुवात तिथूनच होते.

आमचा टायर अठ्ठावीसाव्या तासात होता. रात्रीची वेळ, बाहेर वळवाचा पाऊस आणि विजा. ऑपरेटरचा फोन आला, “साहेब, लाईट गेली होती. जनरेटर लागला पण ड्राइव्ह (ड्रम फिरवणारी यंत्रणा) ट्रिप झाली, ड्रम थांबला.” मी विचारलं टायर कसा आहे, तर म्हणाला टायरला काही नाही, नुसता थांबलाय, पण लोड तसाच राहिला होता. म्हणजे तापलेला टायर बंद ड्रमवर दाबलेल्या अवस्थेत उभा. तो माणूस चांगला होता, त्याने लगेच फोटो काढून पाठवले, ट्रेडवर ड्रमला टेकलेल्या जागी सपाट पट्टा दिसत होता, बाकी खांदा स्वच्छ, कुठे भेग नाही, फुगवटा नाही.

आता इथे नियम स्पष्ट आहे, टेस्ट मध्ये न थांबता झाली पाहिजे. थांबली की टायर थंड होतो, त्याला विश्रांती मिळते, पुढचे सहा तास जोडून ३४ करता येत नाहीत. नवा टायर घ्यायचा आणि शून्यापासून सुरू करायचं. याला माझा काहीच विरोध नव्हता, मी सकाळी ऑफिसला पोचायच्या आधीच दुसरा टायर काढून ठेवायला सांगितलं होतं.

पण दोन दिवसांनी रिपोर्ट आला. निकालाच्या रकान्यात ‘फेल’. आणि खाली शेरा, बारीक अक्षरात, ‘चाचणी २८ व्या तासात खंडित’. वर तोच रिपोर्ट गिऱ्हाइकाला सीसीमध्ये गेलेला, कारण टेस्ट रिक्वेस्टवर त्यांचा मेल होता. तिकडून एका ओळीचा प्रश्न आला, फेल्युअर मोड काय, म्हणजे टायर नेमका कशाने नापास झाला? काय सांगणार, लाईट जाणे हा फेल्युअर मोड?

लॅबच्या ऑफिसला फोन केला तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, “सर, सिस्टीममध्ये पास आणि फेल दोनच ऑप्शन आहेत, टेस्ट पूर्ण झाली नाही म्हणजे पास म्हणता येत नाही.” मी म्हटलं मॅडम, पास म्हणू नका, पण फेल तरी कुठल्या आधारावर म्हणता, टायरमध्ये सेपरेशन (थर सुटणं) दिसलं का, चंकिंग (ट्रेडचे तुकडे उडणं) झालं का, कॉर्ड (आतला धागा) तुटली का? त्यांनी सांगितलं तुम्ही मेल करा. मेल केला. उत्तर आलं, नवीन टेस्ट रिक्वेस्ट भरा, नवीन फी भरा, स्लॉट उपलब्धतेनुसार. म्हणजे लाईट त्यांची गेली, ड्राइव्ह त्यांची ट्रिप झाली, आणि फी परत आम्ही भरायची, वर रेकॉर्डला आमचा टायर फेल! त्या आठवड्यात मला रात्री झोप लागत नव्हती हे खरं सांगतो. टायरच्या मागे किती जणांचे हात असतात, रबराच्या मिक्सिंगपासून क्युरिंगच्या, म्हणजे टायर भाजायच्या, प्रेसपर्यंत, आणि बेल्टच्या कडेखालची ती रबराची पातळ पट्टी बरोबर बसावी म्हणून आमच्या बिल्डिंगच्या (टायरचे थर जोडून तो बांधणाऱ्या विभागाच्या) पोरांनी किती जीव काढला होता ते मी बघितलेलं. त्यांना जाऊन काय सांगू, फेल?

फोन, मेल, परत फोन, प्रत्यक्ष जाऊन बसणं, सगळं केलं. प्रत्येक वेळी बोलणारे सभ्यपणे बोलायचे आणि काम तिथेच असायचं. सिस्टीम, सिस्टीम, सिस्टीम. कोणी असं म्हणेना की निकाल मी लिहिलाय आणि तो असा असा आहे.

शेवटी हललं ते कशाने ते सांगतो, हाच या लेखातला सगळ्यात कामाचा भाग आहे. एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाची) मान्यता असलेली लॅब आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या स्टँडर्डप्रमाणे चालते. त्यात ७.९ कलम तक्रारींचं आहे, ७.१० हे लॅबच्या कामात काही नियमाबाहेर झालं तर काय करायचं त्याचं, आणि ७.८.८ दिलेला रिपोर्ट बदलायचा असेल तर तो कसा बदलायचा त्याचं, म्हणजे काय बदललं ते स्पष्ट दिसलं पाहिजे आणि गरज असेल तिथे कारणही. मी एक पानाचं पत्र लिहिलं, भांडण नाही, आरोप नाही, नुसतं एवढंच की टेस्ट न थांबता करण्याची अट लॅबच्या बाजूने मोडली, हे ७.१० मध्ये बसतं, रिपोर्ट ७.८.८ प्रमाणे सुधारून मिळावा, आणि हे पत्र ७.९ खाली तक्रार म्हणून नोंदवून नंबर द्यावा. सोबत स्पीडचा ग्राफ जोडला, १२० वर सरळ रेष आणि मग एकदम खाली शून्यावर. पत्र क्वालिटी मॅनेजर आणि टेक्निकल मॅनेजर दोघांच्या नावाने. ‘तक्रार नंबर द्या’ हे वाक्य महत्त्वाचं, ते विसरू नका, नंबर पडला की ती ऑडिटमध्ये दिसते.

टेक्निकल मॅनेजरचा स्वतःहून फोन आला. पाच मिनिटांत मान्य केलं. निकालाच्या जागी ‘चाचणी अपूर्ण, निकाल नाही’, कारण ‘वीजपुरवठा खंडित’, आणि पुन्हा टेस्टची फी नाही. एवढ्या छोट्या गोष्टीसाठी एवढं. स्लॉटला मात्र परत थांबावंच लागलं, ड्रमवर पुढची गिऱ्हाइकं लागलेली होती.

ग्राफवरून आठवलं, रॉ डेटा, म्हणजे मशीनवरच्या मूळ नोंदी, आधीच मागून ठेवा. स्पीड, लोड, खोलीचं टेम्परेचर, तिन्ही. ऑपरेटर त्या रात्रीच देतो, महिन्याने मागितलं की परवानगी लागते.

सॅम्पल देताना लागतील त्यापेक्षा जास्त टायर त्याच आठवड्याचे, त्याच मोल्डचे (साच्याचे) बाजूला ठेवा. डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, दुसऱ्या टायरवर वेगळा आठवडा दिसला की गिऱ्हाईक विचारणारच. आमच्याकडे जादा टायर होते म्हणून तो प्रश्न आला नाही. सॅम्पल नंबर पेंटने साइडवॉलवर लिहा, स्टिकर गरमीत निघून पडतात. रिम आपला न्या, आमच्या साइजला साडेपाच इंची लागतो, लॅबमध्ये असतो असं सांगतात पण आयत्या वेळी तो दुसऱ्याच मशीनवर चढवलेला असतो.

आणि पैसे भरायच्या आधी लेखी विचारा, लाईट गेली तर काय? ड्राइव्हला बॅकअप आहे का, लोड आपोआप मागे येतो का, थांबलेल्या टेस्टचा निकाल काय लिहिता, परतची फी कोणाकडे. आम्ही आता हे चार प्रश्न टेस्ट रिक्वेस्टच्या सोबतच जोडतो. ज्या लॅबला उत्तर द्यायला जड जातं तिथे मी ३४ तासांची टेस्ट लावत नाही.

दुसऱ्या वेळी टायर ३४ तास पळला. मग दीड तास कमी हवेवर. संपल्यावर १५ ते २५ मिनिटांच्या आत हवा मोजायची असते, सुरुवातीच्या ९५ टक्क्यांच्या खाली गेलेली चालत नाही, आमची व्यवस्थित होती. टायर रिमवरून काढला, त्याच ऑपरेटरने हातात बॅटरी घेऊन आतून बाहेरून सगळीकडे बघितलं, खांद्यावर अंगठा दाबत पूर्ण गोल फिरला आणि म्हणाला, “साहेब, एकदम ओके.” मी तिथूनच बिल्डिंगच्या सुपरवायझरला फोन लावला. नंतर आम्ही तो टायर आमच्याकडे कापून बघितला, बेल्टच्या कडेला रबर घट्ट धरून होतं, सुरी घालून वेगळं करायला गेलो तरी सुटेना. अभिमान वाटला, आणि वाटायलाच पाहिजे.

एक राहिलं. सुधारलेला रिपोर्ट आला की त्यावर जुन्या रिपोर्टचा नंबर आणि ‘हा रिपोर्ट त्याच्या जागी’ असं लिहिलंय का ते बघा, आणि लॅबलाच तो गिऱ्हाइकाला पाठवायला सांगा. आम्ही आमच्या मेलवरून पाठवला तेव्हा तिकडून विचारणा आली की यातला खरा कुठला. मग लॅबकडून थेट गेला तेव्हा कुठे त्यांच्या फाईलमधून तो ‘फेल’ निघाला.