रविवार, रात्री दहा

बेसिनखालची निळी बादली आठ दिवस झाले तिथेच आहे. मी गेल्या रविवारी बॉटल ट्रॅपचा (बेसिनचं सांडपाणी ज्यातून जातं ती बाटलीसारखी वाटी) नट आवळला, बुधवारी परत आवळला, टेफ्लॉन टेपचे चांगले सात-आठ वेढे दिले. टपटप चालूच. थेंब ट्रॅपच्या नटावरूनच पडत होता, मग दोष दुसऱ्या कुणाला देणार?

आज मात्र सगळं कोरडं पुसलं, खाली जुना पेपर पसरला आणि बॅटरी घेऊन आडवा झालो. नळ बारीक सोडला, काही नाही. मग बूच लावून बेसिन अर्धं भरलं आणि बूच ओढलं. पाणी वरून, थेट बेसिनच्या बुडातून आलं, वेस्ट कपलिंगच्या, म्हणजे बेसिनच्या भोकात बसवलेल्या जाळीवाल्या नळीच्या, आट्यांवरून गोल फिरत उतरलं आणि ट्रॅपच्या नटावर येऊन लोंबकळलं. म्हणजे आठ दिवस मी भलत्याच नटाला पिळत होतो.

नवं कपलिंग आणायला गेलो, तर दुकानदाराने पहिला प्रश्न टाकला, "फुल थ्रेड की हाफ थ्रेड? बेसिनला वर भोक आहे का?" घरी फोन लावला. आई म्हणाली, "आहे की, नळाच्या खाली. झुरळं तिथूनच तर येतात." (झुरळांचं प्रकरण वेगळं, आज नको.) तर ते भोक जादा पाण्याचं. ते पाणी बेसिनच्या पोटातून खाली येतं आणि कपलिंगच्या खाचांतून आत शिरतं, म्हणून हाफ थ्रेड, म्हणजे वर खाचा आणि आटे फक्त खालच्या भागात. पण बेसिन भरून सोडलं की त्याच खाचांतून पाणी उलटं बाहेर येतं, आणि तिथे त्याला अडवायला खालचा एकटा रबरी वायसर. आमचा निघाला तो पापडासारखा. बोटाने दाबला तर मोडलाच. वर आधीच्या माणसाने पांढरं सिमेंट थापलेलं, त्यालाही केसाएवढी चीर.

सव्वा इंची पितळी कपलिंग आणलं. सिमेंट खरवडण्यात तास गेला, बाकी काम वीस मिनिटांचं. अडलं एकाच ठिकाणी: खालून चेक नट (कपलिंग बेसिनला धरून ठेवणारा) आवळला की वरची जाळी सोबत फिरायची. शेवटी आईने सांडशीचे दांडे जाळीच्या फटींत खुपसले आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. "सांडशी वाकली तर नवी आणून द्यायची," हे तीनदा ऐकवून. जाळीखाली आणि वायसरच्या वर आट्यांना सिलिकॉन फासलं. नट हाताने घट्ट, मग पान्याने जेमतेम अर्धा फेरा. बेसिन चिनी मातीचं, जास्त जोर लावला तर तडाच जायचा.

सिलिकॉन वाळेपर्यंत, म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत बेसिन बंद. नळाला फडकं बांधून ठेवलंय. घरात सगळ्यांना दोन-दोनदा बजावलं. आणि मघाशी जेवून उठलो तर उष्टा हात घेऊन मीच तिथे उभा.

मागून आई म्हणाली, "मोरीत."