रोजच्या ट्रिपा मोजताना पॉयसन कुठे फसतो

घरोघरच्या प्रवास सर्वेक्षणात माणशी दिवसाच्या ट्रिपा (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं म्हणजे एक ट्रिप) मोजल्या, आकडे ०, १, २ असे आले, की हात आपोआप पॉयसन रिग्रेशनकडे (मोजून आलेल्या पूर्ण संख्यांसाठीचं नेहमीचं मॉडेल) जातो. समजा सरासरी २.२ आली. पॉयसनच्या हिशेबाने ११ टक्के लोकांची एकही ट्रिप नको, २४ टक्क्यांची एक हवी, २७ टक्क्यांच्या दोन, २० टक्क्यांच्या तीन. पण घराबाहेर पडलेला माणूस बहुधा त्याच दिवशी परततो. त्यामुळे हिस्टोग्राममध्ये २ आणि ४ वर उंच खांब दिसतात, १ आणि ३ वर खड्डे. निगेटिव्ह बायनॉमियल हे पॉयसनचं सैल भावंड फक्त जास्तीचा व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा) सांभाळतं, सम-विषमाची ही भानगड त्याच्या आवाक्यातली नाही.

त्यापेक्षा मोजायचं एककच बदलावं. घरातून निघून घरी परत येईपर्यंत एक फेरी धरायची आणि हर्डल मॉडेल लावायचं: बाहेर पडलात का, याला लॉजिट (हो-नाहीचं मॉडेल), पडला असाल तर किती फेऱ्या, याला शून्य वगळलेला पॉयसन. फेरीतले थांबे (शाळा, बँक, भाजी) वेगळे मोजावेत. नाहीतर ऑफिसातून येताना तीन कामं उरकणारी बाई आणि सरळ घरी येणारा तिचा नवरा मॉडेलला सारखेच दिसतात.

'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या 'पीएससीएल' पॅकेजात एक खोच आहे. 'हर्डल'मध्ये शून्याच्या भागाचे गुणांक बाहेर पडण्याची शक्यता सांगतात, 'झिरोइन्फ्ल'मध्ये (जादा शून्यांसाठीचं दुसरं मॉडेल) मात्र कायमच्या शून्याची, म्हणजे कधीच बाहेर न पडण्याची. चिन्हं उलटी, आणि अहवालात ती बिनदिक्कत सरमिसळ होऊन छापली जातात.

मुळात शून्य खरं आहे का, हे आधी बघा. "काल कुठे गेला नाहीत ना, आजी?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येणारच. दूध, देऊळ, नातवाची शाळा असं एकेक विचारावं लागतं. सुनेने आजींच्या वतीने उत्तर दिलं असेल तर तशी खूण करून ठेवा. दुसऱ्याने सांगितलेल्या दिवसातून छोट्या ट्रिपा गळतात. २०१९ च्या राष्ट्रीय टाइम यूज सर्व्हेत (लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी) दिवस पहाटे ४ ते पहाटे ४ असा, अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारला होता आणि १० मिनिटांहून कमी वेळाचं काम नोंदवत नव्हते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची चक्कर त्यात सापडायची नाही. म्हणून या डेटातून 'घरीच राहिलेले' मोजताना ही मर्यादा आकड्याशेजारीच लिहावी.

एका घरातली माणसं स्वतंत्र नमुने नसतात. घराला क्लस्टर (एक गट) धरलं नाही, तर स्टँडर्ड एरर (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) उगाच लहान येतात.