आमची वाटचाल : बंद पेटीपासून श्वास घेणाऱ्या पेटीपर्यंत

आम्ही बनवलेल्या पहिल्या बॅटरी पेटीत चार बोटं पाणी साचलं होतं.

तेव्हा पेट्या हा आमचा धंदा नव्हता. ट्रेलरची डागडुजी करायचो. चॅसिसला तडा गेला तर वेल्डिंग, तुटलेलं मडगार्ड, दिव्यांचं वायरिंग, असं येईल ते काम. टिपर ट्रेलरवाले एक गिऱ्हाईक म्हणाले, हायड्रॉलिक पंपाची बॅटरी उघड्यावर भिजते, तिला पेटी करून द्या. दोन मिलिमीटर पत्र्याची पेटी केली, सगळे सांधे सलग वेल्ड केले, झाकणाला रबर लावलं, वरून सिलिकॉनही फिरवलं. "थेंबभर पाणी आत जाणार नाही," असं मी छातीठोकपणे सांगितलं.

पहिला मोठा पाऊस झाला आणि ट्रेलर परत आला. बॅटरी पाण्यात उभी होती, टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि तळाचा रंग फुगून सुटला होता. त्यांना पेटी बदलून दिली. नवीन पेटीला दुप्पट जाड रबर लावलं. तीही भरली.

पाणी येतं कुठून, हे माझ्या धाकट्या भावाला सापडलं, तेही कानाने. दिवसभर कडक ऊन होतं, संध्याकाळी अचानक सर आली. पाऊस थांबल्यावर त्याने अंगणातल्या पेटीची कडी सोडली आणि आतून 'सूंऽ' असा आवाज आला. पेटी हवा ओढत होती. उन्हात आतली हवा तापून फुगते, थोडी बाहेर पडते. मग गार पाणी पत्र्यावर पडतं आणि उरलेली हवा आकसते. पन्नास अंशांवरची हवा पंचवीसवर आली की तिचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. ऐकायला हे थोडं वाटतं, पण तेवढ्या फरकाने नळीतलं पाणी जवळपास ८० सेंटीमीटर वर चढतं. आणि त्याच क्षणी रबराच्या कडेला पाणी साचलेलं असतं! पेटी तेच पिते. आम्ही जितकी घट्ट बंद करत होतो, तितकी ती जोरात ओढत होती.

म्हणजे पेटीला श्वास घ्यायला वाट हवी होती. दुसरं कारण मात्र आम्हाला फार वाईट प्रकारे कळलं. एक बॅटरी पेटीतच चार्जिंगला लावली होती आणि मेन स्विचही पेटीच्या आतच बसवला होता. झाकण नुसतं टेकवलेलं होतं. स्विच फिरवताच धाडकन झाकण उडालं. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवशी कुणाचे हात कामाला वळले नाहीत. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होत आली की हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तर ठिणगीने भडका उडू शकतो. हे मला आधी माहीत असायला हवं होतं. तेव्हापासून बॅटरीच्या कप्प्यात स्विच नाही, रिले नाही, फ्यूजसुद्धा नाही. सगळं बाहेर, वेगळ्या डबीत. हवाबंद बॅटरी असली तरी झरोके ठेवतोच. जास्त चार्ज झाली तर तिचीही झडप उघडते.

झरोका कुठे ठेवायचा, यावर आमचा बराच वेळ गेला. हायड्रोजन हलका असल्याने झरोका झाकणाच्या अगदी खाली हवा. आमचं सुरुवातीचं झाकण खोल होतं, गॅस त्याच्या पोकळीत कोंडून राहायचा. म्हणून झाकण उथळ केलं. झरोक्याची तोंडं मागच्या बाजूला ठेवली आणि त्यांवर खाली उघडणारी टोपी दिली, कारण धावत्या ट्रेलरला पाऊस समोरून झोडपतो. झाकणाची कड सगळीकडून २५ मिलिमीटर बाहेर काढून खाली वळवली, वळचणीसारखी. पाणी पागोळीने खाली पडतं, रबरापर्यंत पोचतच नाही. आता रबर फक्त उडणारे शिंतोडे अडवतं.

खरा मारा खालून होतो. चाक ओल्या रस्त्यावरून चिखलपाणी जोरात फेकतं. पाणी जायला तळाला आम्ही ६ मिलिमीटरचं भोक ठेवलं होतं. एक तर ते चिखलाने बुजायचं, नाही तर पाण्याचा पडदाच त्याच्या तोंडावर ताणून बसायचा. आता तळाला किंचित उतार देतो आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यात १२ मिलिमीटरची आखूड नळी लावतो. तिचं तोंड तिरकं कापून मागे वळवलेलं असतं, म्हणजे ट्रेलर धावताना पाणी बाहेर ओढलं जातं. बॅटरी रबरी पट्ट्यांवर थोडी उचलून ठेवतो.

केबलचं काम आमच्या वेल्डर मामांनी शिकवलं. केबल वरून उतरली की पाणी तिच्या अंगावरून थेट आत घसरतं. म्हणून ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथली आवळणारी बुशी, खालच्या बाजूला, आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ. पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. आणखी एक वाट डोळ्यांना दिसतच नाही. तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी वातीत तेल चढावं तसं आवरणाच्या आतून चढतं. टर्मिनलजवळ आवरण चिरून पाहिलं तर तार काळी पडलेली असते. लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची जोडकडी, जिथे जोडतो तिथे आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवली की आकसून घट्ट बसणारी) नळी लावल्याशिवाय आम्ही केबल देत नाही.

काम वाढत गेलं ते एका गिऱ्हाईकाने दुसऱ्याला सांगून. घोड्यांचे ट्रेलर आले, कॅरॅव्हॅन आल्या, पाण्याच्या टाक्यांचे ट्रेलर आले. पत्रा वाकवायचं मशीन घेतलं तेव्हा कडा सरळ आल्या आणि अर्धी गळती तिथेच थांबली. होडीच्या ट्रेलरवाल्यांना मात्र मी स्पष्ट सांगतो की झरोक्याची पेटी पाण्यात बुडवायची नाही. बॅटरी पुढच्या खांबावर उंच बसवणार असाल तरच काम घेतो. "वॉटरप्रूफ आहे ना?" असं विचारणाऱ्यांनाही मी नुसतं हो म्हणत नाही, पाणी आलं तर कुठून जाईल ते दाखवतो.

प्रत्येक पेटी बाहेर पडण्याआधी कडेला खडू घासून झाकण बंद करतो. रबरावर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. मग पेटी उन्हात तापवून, आत कोरडा कागद पसरून, वरून गार पाण्याचा पाइप सोडतो. कागद ओला निघाला तर पेटी जात नाही.

ते पहिलं गिऱ्हाईक अजून येतं. त्यांची तिसरी पेटी आजही त्याच ट्रेलरवर आहे. पावसाआधी रबर बदलायला येतात. तेव्हा मी व्होल्टमीटरचं एक टोक बॅटरीच्या टर्मिनलला आणि दुसरं तिच्या प्लॅस्टिकच्या माथ्याला टेकवतो. काटा हलला तर माथ्यावर ओल आणि ॲसिडचा थर आहे आणि त्यातून बॅटरी हळूहळू रिकामी होते आहे. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घेतो. बुचं मात्र आधी घट्ट बसवायची, सोडा आत जाता कामा नये. जुनं रबर टाकून देत नाही, उजेडात धरून बघतो. एका कडीजवळ कमी दबलेलं असलं तर ती कडी सैल झाली आहे. या वेळी उजवीकडची सैल निघाली.