दोन नळ्या, एक चित्र : आमची वाटचाल

१९८६ च्या दसऱ्याला पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आम्ही काम सुरू केले, तेव्हा पाटीवर ‘घड्याळ, कॅमेरा व दुर्बीण दुरुस्ती’ असे लिहिलेले होते. पहिले दोन शब्द पोटासाठी होते, तिसरा हौसेचा होता. क्वार्ट्झची घड्याळे आली आणि पहिला शब्द गेला, डिजिटल कॅमेरे आले आणि दुसरा गेला. हौसेचा तेवढा उरला, आणि गेली कित्येक वर्षे आमचे घर त्याच्यावरच चालले आहे.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि काका. काका नात्याने माझे कोणी नव्हते. खडकीच्या लष्करी कार्यशाळेत त्यांनी उभी नोकरी दुर्बिणी आणि तोफांच्या दर्शिका दुरुस्त करण्यात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून ते माझे भागीदार झाले. भांडवल माझे सात हजार रुपये आणि त्यांचे दोन हात, असा तो व्यवहार होता. नफा मात्र पहिल्या दिवसापासून निम्मा-निम्मा होता आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

आमचा कॉलिमेटर, म्हणजे दुर्बिणीच्या दोन नळ्या एकमेकींशी जुळल्या आहेत की नाही हे तपासायचे साधन, काकांनी बनवला. बुधवारच्या जुन्या बाजारात त्यांना मोजणीदारांच्या एका मोडक्या डंपी लेव्हलचे पुढचे भिंग मिळाले, आणि भवानी पेठेतल्या भंगारवाल्याकडे लेथचे तुटके बेड मिळाले. ते ओतीव लोखंडाचे धूड उचलायला चार हमाल लागले. पण एकदा बसवल्यावर ते आजतागायत केसभर हललेले नाही. भिंगाच्या नाभीवर, म्हणजे समांतर किरण जिथे एकत्र येतात तिथे, बारीक फुली कोरलेली काच, तिच्यामागे स्कूटरचा सहा व्होल्टचा दिवा, आणि पुढे सपाट आरसा. आरशावरून परत आलेली फुलीची प्रतिमा मूळ फुलीवर तंतोतंत बसली की ती फुली अनंत अंतरावर आहे असे समजायचे. तीस फुटांच्या खोलीत अनंत अंतर मिळवण्याची ही युक्ती आहे आणि आमच्या धंद्याचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. नंतर आम्ही कर्ज काढून परदेशी बनावटीचा कॉलिमेटर घेतला. तो दिसायला देखणा आहे. पण शंका आली की मी अजूनही लेथच्या बेडाकडेच वळतो.

दुर्बीण ‘जुळली’ असे आमच्याकडे केव्हा म्हणायचे, हे येथे सांगितलेच पाहिजे, कारण पुढचे सगळे रामायण त्यावरून घडले. दोन्ही नळ्यांतून दिसणाऱ्या फुल्या एकमेकींवर बसल्या पाहिजेत, इतके कोणीही सांगेल. डोळे थोडे आत वळू शकतात. बाहेर जवळजवळ वळत नाहीत. आणि एक प्रतिमा वर, दुसरी खाली असा उभा फरक तर त्यांना मुळीच सोसत नाही, लगेच कपाळ दुखू लागते. पण फुल्या बिजागरीच्या एकाच कोनात जुळून भागत नाही. कोणाच्या दोन डोळ्यांतले अंतर ५८ मिलिमीटर असते, कोणाचे ७० असते. दुर्बीण मिटताना आणि उघडताना, संपूर्ण फेऱ्यात, फुल्या एकमेकींना सोडता कामा नयेत. म्हणजेच दोन्ही नळ्यांचे अक्ष बिजागरीच्या अक्षाला समांतर असले पाहिजेत. पहिले काम वीस मिनिटांचे आहे. दुसऱ्याला कधी कधी दिवस जातो. ग्राहकाला दुकानात उभे असताना दोन्हींतला फरक कळत नाही, आणि आमच्या धंद्यातली सगळी लबाडी या न कळण्यात राहते.

१९९० ते २००९ ही वर्षे बरी गेली.

त्या काळातले एकच गिऱ्हाईक सांगतो. सोलापूरकडचे एक गुरुजी दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी एसटीने येत. त्यांची दुर्बीण पूर्व जर्मनीत येना गावी बनलेली, ८ × ३० ची (आठपट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ३० मिलिमीटरचे), हजार मीटरवर दीडशे मीटरचा पट्टा दाखवणारी. नान्नजच्या माळावर माळढोक पाहण्यासाठी ती त्यांनी एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली होती. चामड्याची पेटी त्यांनी माझ्या सांगण्यावरून फेकून दिली होती आणि दुर्बीण ते लोकरीच्या कानटोपीत गुंडाळून आणत. कानटोपी उलगडायची, पुढची भिंगे खिडकीकडे धरायची आणि मला विचारायचे, “पाहा बरे, पाहुणे आलेत का?” पाहुणे म्हणजे बुरशी. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती क्वचितच दिसे. पण गुरुजींची मुलगी रत्नागिरीला दिलेली होती आणि दिवाळीत दुर्बीण त्यांच्याबरोबर तिकडे जाई. भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी एखादी रेघ मला दिसली की ते स्वतःच ओशाळत. मग मी पुढची भिंगे काढायचो, हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ करायचो, वाळलेले ग्रीस पुसून नवे भरायचो आणि भिंगाभोवतीच्या विकेंद्री कड्या, ज्या फिरवल्या की भिंग किंचित बाजूला सरकते, त्या फिरवून दोन्ही नळ्या पुन्हा जुळवायचो. ते तेवढा वेळ स्टुलावर बसून वर्षभरातली माळढोकांची संख्या सांगत. ती संख्या दर वर्षी कमी होत गेली, दुर्बीण मात्र तशीच राहिली.

येथे एक सांगून ठेवतो. बुरशी वेळेत काढली तर भिंग वाचते. वर्षभर राहू दिली तर ती भिंगावरचा लेप खाते आणि पुढे काचेवर कायमचा ओरखडा पाडते, तो मग ब्रह्मदेवालाही जात नाही. पावसाळ्यात दुर्बीण कपाटात ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर शेकून घ्या. आणि शर्टाच्या टोकाने भिंग पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग ब्रश, आणि पुसणे सर्वांत शेवटी. वर्षाला निदान पन्नास जणांना मी हे सांगतो आणि निदान चाळीस जण माझ्यासमोरच शर्टाने पुसतात.

आता २०१० कडे येतो. मुंबईच्या एका आयातदाराने ८ × ४२ च्या रूफ प्रिझमच्या, म्हणजे चित्र सुलट करणारे काचेचे लोलक सरळ नळीत बसवलेल्या, दुर्बिणी बाजारात आणल्या. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. माल वाईट नव्हता: काच चांगली, लेप बरा, आत नायट्रोजन भरलेला, आणि खोक्यात पाच वर्षांच्या वॉरंटीचे जाड कार्ड. त्या कार्डावर दुरुस्ती केंद्र म्हणून आमचा पत्ता छापला गेला, तेव्हा मी ते कार्ड चौकट करून भिंतीवर लावले होते. करार साधा होता: बाहेरून होणाऱ्या कामाला नगामागे ६५० रुपये, नळी उघडावी लागली तर १,८००, सुटे भाग त्यांचे, आणि बिल तिमाहीला. या कामासाठी आम्ही पतसंस्थेकडून चार लाखांचे कर्ज घेतले, नायट्रोजनची नळकांडी आणि नवा कॉलिमेटर घेतला, दोन मुले ठेवली. काका तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काम सोडून फक्त दुपारी चहाला येत. त्यांनी कार्ड वाचले आणि विचारले, “वॉरंटी त्यांची आणि पत्ता तुझा. त्यांनी पैसे दिले नाहीत तर लोक कोणाच्या दारात येतील?” मी हसलो.

२०१२ च्या एप्रिलमध्ये पहिल्या आठवड्यात सहा दुर्बिणी आल्या, सगळ्यांची तक्रार एकच: उजव्या नळीत चित्र वर सरकते. मेअखेर आकडा ११८ वर गेला. एकाही नगावर पडल्याची खूण नव्हती, रबराच्या आवरणाला खरचटलेले नव्हते. एक नळी उघडली तेव्हा कारण दिसले. प्रिझम धरणारा पिंजरा प्लास्टिकचा होता आणि प्रिझम त्यात तीन ठिपके गोंद लावून चिकटवलेला होता. तो गोंद मऊ होऊन प्रिझम सरकला होता. खात्री करण्यासाठी मी आयातदाराकडून आलेले एक सीलबंद खोके फोडले, दुर्बीण कॉलिमेटरवर तपासली, फुल्या उत्तम जुळत होत्या. मग ती पत्र्याच्या डब्यात घालून वाड्याच्या गच्चीवर उन्हात ठेवली. भिगवणला रोहित पाहायला गेलेल्या माणसाची बंद मोटार दुपारी आतून जितकी तापते, तितकाच तो डबा तापला असेल, जास्त नाही. चार वाजता मी डबा खाली आणला, रात्रभर दुर्बीण थंड होऊ दिली आणि सकाळी पुन्हा बेडावर चढवली. उजवी फुली डावीच्या वर, जवळजवळ एका रेघेच्या उंचीने, जाऊन बसली होती. सौ.ने त्याचे छायाचित्र घेतले आणि ते, सगळ्या नगांचे क्रमांक आणि कोनांची नोंद असलेली वही, असे सारे मुंबईला पाठवले.

उत्तर आले ते एका ओळीचे होते: “आघातामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही.”

काका म्हणाले, “खोकी बांध आणि मुंबईला परत पाठव. गिऱ्हाईक त्यांचे आहे.” मी ऐकले नाही. कार्डावर आमचा पत्ता होता, माणसे आमच्या दारात उभी होती, आणि त्यांतली निम्मी आमच्याच शब्दावर दुर्बीण घेऊन बसली होती. आम्ही ११८ च्या ११८ उघडल्या. जुना गोंद खरवडायचा, प्रिझम पुन्हा बसवायचा, दोन भागांचे इपॉक्सी लावून चोवीस तास राहू द्यायचे, जुळवणी करायची, नवी रबरी कडी घालायची, नायट्रोजन भरायचा. ते काम ऑक्टोबरपर्यंत चालले. त्याचे २,१२,४०० रुपये आणि मागच्या तिमाहीचे ९४,००० असे ३,०६,४०० रुपयांचे बिल आजही येणे आहे. पतसंस्थेचा हप्ता थकला, एक मुलगा सोडून गेला, दुसऱ्याला मीच जायला सांगितले. हिशेबाने काकाच बरोबर होते आणि हे मी त्यांना ते असेपर्यंत सांगितले नाही.

वकिलाकडे गेलो, तर त्यांनी मलाच चार गोष्टी शिकवल्या. ग्राहक न्यायालयात आम्हाला उभे राहता येत नाही, कारण आमचा व्यवहार व्यापारी आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने बिल ४५ दिवसांत मिळण्याचा हक्क आहे. पण त्याचा आधार घ्यायचा तर तेव्हा जिल्हा उद्योग केंद्रात नोंदलेले असायला हवे होते, आणि आम्ही ‘आपल्याला काय करायचेय’ म्हणून नोंदणी केलेली नव्हती. राहिला दिवाणी दावा, तो तीन वर्षांच्या आत. तेवढी ताकद उरली नव्हती. एका खोलीत काम करणाऱ्या तरुणांना म्हणून सांगतो, अवजार घेण्याआधी नोंदणी करा. आता तर ती घरबसल्या आणि फुकट होते.

त्याच दिवाळीत आयातदाराने वॉरंटीचे काम दुसऱ्या दुकानाला दिले, नगामागे ३५० रुपयांनी. तिथे कॉलिमेटर नव्हता. खिडकीतून समोरच्या इमारतीवरची तार पाहायची आणि रबराखालचे स्क्रू पिळून दोन तारांची एक करायची, अशी त्यांची पद्धत होती. ती पिळणाऱ्याच्या डोळ्यांना जुळे. एक जोडपे असेच एक नग घेऊन माझ्याकडे आले होते. गृहस्थ म्हणत होते, उत्तम आहे. बाईंनी दुर्बीण आपल्या डोळ्यांपुरती मिटवली की त्यांना दोन बगळे दिसत. त्या दुकानातून त्यांना सांगण्यात आले होते की बाईंनी डोळे तपासून घ्यावेत. मी दोघांना कॉलिमेटरसमोर बसवले आणि बिजागरी हळूहळू फिरवत फुल्या एकमेकींपासून दूर जाताना दाखवल्या. बाई नवऱ्याकडे वळून काहीही बोलल्या नाहीत. पण ते न बोलणे मी अजून विसरलेलो नाही.

त्या वर्षी गुरुजी मेऐवजी डिसेंबरात आले. हातात ज्वारीची गोणी आणि गोणीत अकरा दुर्बिणी, सोलापूर आणि बार्शीच्या पक्षिमित्रांच्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधलेली. आमचे काय झाले ते त्यांना कोणी सांगितले हे मी विचारले नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. अकरांपैकी चारांना काहीही झालेले नव्हते. मी तसे म्हटले, तर ते म्हणाले, “मग तपासणीचे पैसे घ्या.” त्या पैशांत जानेवारीचा हप्ता गेला. पुढची तीन वर्षे अशाच गोण्या नाशिकहून, साताऱ्याहून येत राहिल्या आणि २०१६ मध्ये कर्ज फिटले.

वॉरंटीचा करार आम्ही त्यानंतर कोणाशीही केला नाही. आमच्या दुरुस्तीची हमी आम्ही स्वतः देतो, एक वर्षाची, पावतीवर सहीनिशी. ‘आजीवन’ शब्द छापलेली कार्डे लोक हौसेने दाखवतात. मी त्यांना एवढेच विचारतो की जीवन कोणाचे, तुमचे, दुर्बिणीचे की आयातदाराचे?

त्या ८ × ४२ च्या दुर्बिणी अजून अधूनमधून येतात. गेल्या महिन्यात एक आली, मधल्या काळात दुसरीकडे उघडली गेलेली, स्क्रूंची डोकी चावल्यासारखी झालेली. उजवा प्रिझम मी २०१२ मध्ये बसवला होता, तो जागेवर होता. या वेळी डावा सुटला होता. गृहस्थांनी जुने कार्ड जपून ठेवले होते आणि त्यावरचा आमचा पत्ता बोट ठेवून दाखवला. दीड दिवस लागला. या खेपेला मी पूर्ण पैसे घेतले.