सिटीचा आयडल अजून १,१०० वर: मागितलेली हवा की चोरटी?

मागच्या अपडेटमध्ये थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा प्लेटने कमीजास्त करणारा भाग) साफ केल्यावर २०१४ च्या होंडा सिटी आय-व्हीटेकचा आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाचा इंजिनाचा वेग, १,५५० आरपीएमला चिकटून होता. आयडल लर्न (ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, आयडल नव्याने शिकवणं) केल्यावर तो उतरला, पण १,१०० च्या खाली यायला तयार नाही. वर चेक लाइट पेटला: पी०५०७, म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा जास्त.

लर्नची पद्धत पुन्हा विचारली गेली म्हणून: एसी, दिवे, म्युझिक सगळं बंद. इग्निशन ऑन करून दोन सेकंद थांबा, मग स्टार्ट. न्यूट्रलमध्ये ३,००० आरपीएम धरा, रेडिएटर फॅन लागेपर्यंत किंवा कूलंट ९० अंशांवर जाईपर्यंत. मग ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून पाच मिनिटं आयडल. मध्ये फॅन चालला तर तेवढा वेळ या पाच मिनिटांत धरायचा नाही. नुसती बॅटरी काढून ठेवणं म्हणजे लर्न नव्हे.

लर्न का लागतं हे उघड आहे. प्लेटच्या कडेला कार्बन साचत जातो तशी ईसीयू प्लेट थोडी थोडी जास्त उघडायला शिकते. कार्बन गेला, पण शिकलेलं गेलं नाही; त्याच कोनात आता जास्त हवा जाते. इथे १,५५० वरून १,१०० पर्यंतचा भाग या हिशेबाचा होता. नेहमीच्या आयडलपेक्षा जास्तीच्या उरलेल्या चारशेचं काय?

आता सुटे भाग बदलत सुटण्याआधी एकच प्रश्न: ही हवा ईसीयूने मागितली आहे, की कुठल्या फटीतून चोरून शिरते आहे? ब्लूटूथ स्कॅनरवर तीन आकडे उघडले. कूलंट ९१. थ्रॉटल जवळजवळ बंद, सफाईआधीच्या आयडलपेक्षाही कमी. इग्निशन टायमिंग (ठिणगी किती अंश आधी पडते ते) शून्याच्या खाली. शेवटचा आकडा सगळ्यात बोलका आहे: ईसीयूने प्लेट मिटली, टायमिंग मागे ओढलं, तरी आरपीएम उतरत नाहीत. म्हणजे हवा चोरटी आहे. थ्रॉटल जास्त उघडा दिसला असता तर शोध वेगळा: कूलंट सेन्सर, एसी स्विच, पॉवर स्टीअरिंगचा लोड.

कूलंट सेन्सरबद्दल एक गैरसमज. इंजिन बे धुतल्यावर कनेक्टरमध्ये पाणी राहिलं की गाडी थंड समजते, असं सर्रास सांगितलं जातं. उलट आहे. पाण्याने रेझिस्टन्स घटतो आणि सेन्सर खऱ्यापेक्षा गरम दाखवतो. थंड दाखवतो तो गंजलेल्या पिनमुळे; वायर पूर्ण सुटली तर थेट उणे ४०.

चोरटी हवा ओळखायला फ्युएल ट्रिमवर (ईसीयू इंधनात करते ती कमीजास्त दुरुस्ती) मात्र आंधळा विश्वास नको. मॅफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) असलेल्या इंजिनात चोरटी हवा मोजलीच जात नाही, म्हणून आयडलला ट्रिम चांगलीच प्लसमध्ये जाते आणि २,५०० ला खाली येते. फक्त मॅपवर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलनंतरच्या हवेच्या नळ्यांमधला दाब मोजणारा सेन्सर) चालणाऱ्या इंजिनात तीच हवा मॅनिफोल्ड प्रेशरमध्ये धरली जाते; ट्रिम जवळपास नॉर्मल, आयडल तेवढा वर.

मग हवा कुठून शिरते ते शोधायला मॅनिफोल्डला जोडलेले होज एकेक करून मऊ जबड्याच्या क्लॅम्पने दाबले आणि आरपीएम उतरतात का ते पाहिलं. ब्रेक बूस्टर: फरक नाही. (तो दाबलेला असताना गाडी हलवू नका, ब्रेक दगड होतो.) पीसीव्ही (क्रँककेसमधले वायू इंजिनात परत नेणारा): किंचित. पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा): साठेक आरपीएम उतरले. याची नोंद ठेवली, पण चारशेचा चोर हा नव्हे.

गळती शोधायला सांध्यांवर कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) मारून बघणं बंद करा; गरम एक्झॉस्टशेजारी ते आगीला आमंत्रण आहे. साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो, पाण्याने फट क्षणभर मिटते; फक्त कनेक्टर वाचवा. आरपीएमपेक्षा टायमिंगचा आकडा बघा, कारण ईसीयू आयडल सावरून घेते आणि बदल लपतो. थ्रॉटल बॉडीच्या खालच्या कडेला फवारा गेला आणि टायमिंग लगेच पुढे सरकलं. सापडला!

बॉडी उतरवली. मॅनिफोल्डच्या बाजूची रबर रिंग सफाईच्या वेळच्या कार्ब क्लीनरने फुगून खाचेतून वर आली होती आणि एका बोल्टजवळ चिमटली होती. म्हणून स्पष्ट मत: थ्रॉटलला थ्रॉटल बॉडी क्लीनरच, तोही कपड्यावर मारून, रिंग आधी काढून. बोअरच्या (प्लेट बसते त्या भोकाच्या) कडेला काळसर मुलामा असेल तर तो घाण नाही. घासून काढला तर मिटलेल्या प्लेटच्या कडेनेही हवा गळते. आणि रिंगऐवजी सिलिकॉन लावण्याचा सल्ला ऐकू नका. सुटलेला तुकडा सरळ इंजिनात जातो.

नवी ओरिजिनल रिंग कोरडीच बसवली, बोल्ट तिरप्या क्रमाने दोन फेऱ्यांत आवळले, लर्न पुन्हा. आयडल ७६०, टायमिंग प्लस ८. एसी लावल्यावर सुई क्षणभर डुलते आणि बसते. अहाहा!

यानंतर नवी थ्रॉटल बॉडी शोधायचं ठरलं होतं, ते रद्द. आता पर्ज व्हॉल्व्ह. साठ आरपीएम म्हणजे तो पूर्ण मिटत नसावा, किंवा दाबला तेव्हा ईसीयू कॅनिस्टरमधली (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्यातली) वाफ खरंच ओढत होती. कनेक्टर काढून, व्हॉल्व्हला करंट नसताना नळीत फुंकर मारली की कळेल: हवा आरपार गेली तर व्हॉल्व्ह गेला.