तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रान्सफॉर्मरमध्ये हलत काहीच नाही, मग संगणकावर बघता काय?

ट्रान्सफॉर्मरची मॉडेल्स संगणकावर चालवून बघणं हे माझं काम. ते सांगितलं की हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. रोजच्या चालीत ट्रान्सफॉर्मर खरंच साधा असतो. ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट या दोन चाचण्यांतून चार आकडे मिळतात. लोड वाढल्यावर व्होल्टेज किती पडेल, लॉस किती होईल, हे त्यांच्यावरून कागदावरही निघतं.

अवघड असतात त्या चार्ज करतानाच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला वीज जोडतानाच्या, पहिल्या काही सायकली.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सबस्टेशनवर देखभालीनंतर १३२ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर चार्ज केला की डिफरन्शियल रिले (ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंच्या करंटमधला फरक बघणारं संरक्षण) ट्रिप व्हायचा. मेगर (इन्सुलेशनची चाचणी) ठीक, तेल ठीक, रेशो ठीक. तिसऱ्या खेपेला तो टिकला, पण का टिकला हे कुणालाच सांगता येईना. माझ्या मॉडेलमध्ये तर ट्रिप येतच नव्हता.

कारण मी कोअरमधला, म्हणजे लोखंडी गाभ्यातला, फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) शून्यापासून सुरू केला होता. लोखंड मात्र आधीचं विसरत नाही. देखभालीत वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजायला डीसी सोडला होता, आणि त्याने कोअरमध्ये फ्लक्स मागे ठेवला होता. एरवी कोअर १.७ टेस्लापर्यंत जातो. व्होल्टेज शून्यातून जात असताना ब्रेकर (वीज जोडणारा स्विच) लागला, तर फ्लक्सची मागणी दुप्पट होते, म्हणजे ३.४, त्यात उरलेल्याची भर. लोखंड दोनच्या आसपास सॅच्युरेट होतं, म्हणजे त्यापुढे फारसा फ्लक्स घेत नाही. मग वाइंडिंग जणू हवेत गुंडाळलेली तार उरते आणि करंट फुल लोडच्या कितीतरी पट उसळतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या एकाच बाजूच्या वाइंडिंगमध्ये वाहतो, म्हणून रिलेला आतला फॉल्ट वाटतो. हा इनरश (चार्ज करतानाचा उसळलेला करंट) आहे हे रिले सेकंड हार्मोनिकवरून, म्हणजे करंटमधल्या दुप्पट फ्रिक्वेन्सीच्या भागावरून, ओळखतो, सेटिंग बहुधा १५ टक्के. एका फेजमध्ये प्रमाण त्याखाली गेलं की ट्रिप.

मग कोअरच्या तिन्ही लिंबमधल्या (खांबांमधल्या) फ्लक्सची बेरीज शून्य राहील अशा बेताने उरलेला फ्लक्स घातला, आणि २० मिलिसेकंदांच्या सायकलमध्ये ब्रेकर लागण्याचा क्षण एकेक मिलिसेकंदाने सरकवत गेलो. हर्मन डॉमेल यांनी १९६९ साली मांडलेली पद्धत इथे कामी येते: काळाचे बारीक तुकडे, माझ्याकडे ५० मायक्रोसेकंदांचे, आणि प्रत्येक तुकड्यात इंडक्टरच्या जागी एक रेझिस्टन्स आणि एक करंट सोर्स. बहुतेक क्षणी रिले शांत राहिला. मोजक्या क्षणी ट्रिप आला, आणि तो वेव्हफॉर्म रेकॉर्डरमधल्या नोंदीवर जवळजवळ बसला. तिसऱ्या खेपेचं कोडं तिथे सुटलं: त्या वेळी क्षण वेगळा पडला होता, आणि आधीच्या दोन खेपांनी कोअरमधला फ्लक्सही बदलला होता. डीसी चाचणीनंतर कोअर डीमॅग्नेटाइझ करायचा, हे मग तिथल्या कामाच्या यादीत आलं.

आजही कुणी मॉडेल मागितलं की नेमप्लेटच्या आधी मी दोन गोष्टी विचारतो. शेवटचा बंद कधी केला होता? आणि त्यानंतर डीसी सोडलात का?